शंभरावा पक्षी

नाक्यावरचा चष्मेवाला अख्ख्या वस्तीचे नंबर काढायचा, पण त्याला स्वतःला घरात दोरीवरचा टॉवेल दिसायचा नाही. पक्षी असला तर मात्र विचारू नका! लांबच्या झुडपात नुसती शेपटी हलली तरी गडी श्वास रोखून उभा. बस डेपोमागचं सांडपाण्याचं तळं ही त्याची जागा. दुकान उघडण्याआधी रोज तिथे हजेरी, गळ्यात दुर्बीण, खिशात वही.

अकरा वर्षांपूर्वी त्याने बायकोला शब्द दिला होता, की तळ्यावर शंभर जातींचे पक्षी झाले की आठ दिवस दुकान बंद आणि दोघं समुद्रावर. तिने समुद्र पाहिलेला नव्हता. बिचारी रोज विचारायची, "किती झाले?" गेलं वर्षभर उत्तर एकच, नव्याण्णव.

या उन्हाळ्यात मात्र कहर झाला. समुद्रावरचा कुरव, पांढराशुभ्र, शेकडो कोस आत येऊन शेजारच्या टायरवाल्याच्या पत्र्यावर बसला. आता चष्मेवाल्याचा नियम असा, की पक्षी तळ्याच्या भिंतीच्या आत हवा. पत्रा भिंतीला लागून, पण बाहेर.

नऊ दिवस हा बाबा टळटळीत उन्हात तळ ठोकून बसला. एकदा कुरव वळून बसला आणि त्याची शेपटी भिंतीच्या आत आली.

"आली की आत!" टायरवाला ओरडला.

"शेपटी धरत नाहीत. पाय लागतात."

टायरवाल्याने कपाळाला हात लावला.

दहाव्या दिवशी बायको स्वतःच डबा घेऊन आली. तिने प्रकार पाहिला, पावाचा तुकडा मोडला आणि भिंतीच्या आत भिरकावला. कुरव थपकन चिखलात उतरला, दोन्ही पायांवर.

"घ्या! झाले शंभर!"

"आमिष दाखवून आणलेला धरत नाहीत."

"हा नियम कधी केलात?"

"आत्ताच," तो म्हणाला आणि खाली बघायला लागला.

तिने त्याच्या हातातून वही ओढली आणि पहिल्या पानापासून बोट फिरवलं. समोर पावासाठी कुरवाशी एक कावळा भांडत होता. तिने कावळ्याकडे पाहिलं, मग पुन्हा वहीत.

"अहो, यात कावळा कुठाय?"

चष्मेवाल्याने घाईघाईने दुर्बीण डोळ्यांना लावली.

"अकरा वर्षांत तुम्हाला कावळा दिसला नाही?"

"पहिल्याच दिवशी दिसला होता," तो पुटपुटला. "मुद्दामच नाही लिहिला. अगं, शंभर झाले की संपलं सगळं. मग सकाळी उठून मी जाऊ कुठे? भीती वाटते मला."

तिला असा राग आला, की वही तळ्यातच फेकावी. डोळेही भरून आले. मग तिने त्याच्या खिशातलं पेन काढलं आणि पहिल्या पानावर, सगळ्यांच्या वर, ठसठशीत अक्षरात 'कावळा' लिहिलं.

"म्हणजे शंभर गेल्या वर्षीच झाले. वर्ष बुडवलंत माझं. उद्या निघायचं. वही घरी राहील."

"आणि दुर्बीण?"

"ती माझ्या गळ्यात."