करारात नसलेली अट

नेदरलँड्समध्ये, आल्मेरेला आमच्या शेजारच्या घरात एक वृद्ध गृहस्थ राहायचे. मूळचे इंडोनेशियातले. तिकडच्या एका बेटावर त्यांच्या पणजोबांचं लहानसं राज्य होतं. डचांनी करार करून ते 'संरक्षणाखाली' घेतलं. हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं, आणि पुढे जवळजवळ प्रत्येक भेटीत. शेवट ठरलेला असे. "पणजोबा तीन दिवस भांडले. बंदर आमचंच राहील, ही अट लिहून घेतली आणि मगच सही केली."

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, नजर अधू झाली होती. एकदा त्यांनी मला विचारलं, "तुम्हाला डच वाचता येतं ना? तो करार हेगच्या दफ्तरखान्यात आहे. मरायच्या आधी एकदा ऐकायचाय."

मी ऑफिसातून सुट्टी काढली. त्यांनी सूट घातला होता, टायसकट.

फाइल उघडली. आत छापील फॉर्म होते. वेगवेगळ्या राज्यांचे, पण मजकूर अक्षरशः एकच. राज्याचं आणि राजाचं नाव लिहायला तेवढी जागा सोडलेली. त्या गठ्ठ्यात मधेच कुठेतरी त्यांचे पणजोबा होते.

मी हळू आवाजात वाचलं. हे राज्य डच मुलखाचा भाग आहे. परक्या सत्तेशी कसलाही संबंध ठेवणार नाही. गव्हर्नर जनरलचे सगळे हुकूम पाळीन.

"पुढे?"

"पुढे सही आहे."

"आणि बंदराचं?"

मी कागद उलटला. मागची बाजू कोरी होती.

शाळेत तैनाती फौजेवर मी टीप लिहिली होती, चांगले मार्क मिळाले होते. करार केलेल्या राजांची नावं मी घडाघडा म्हणायचे. त्या नावांना कुणी पणतू असतील, हे मनातही आलं नव्हतं.

त्यांना दिसत नव्हतं. अट आहे असं मी म्हणाले असते, तरी चाललं असतं. पण मी खरं सांगितलं, छापील फॉर्मचंसुद्धा. ते का सांगितलं, अजून कळत नाही.

त्यांनी कागदाच्या कोऱ्या बाजूवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मग तीन दिवस ते भांडले कशावर?"

परतीच्या ट्रेनमध्ये त्यांनी टाय सोडून खिशात कोंबला. त्यानंतर भेटले की हवापाण्याचं बोलायचे. पणजोबांचं नाव पुन्हा निघालं नाही. हिवाळ्यात त्यांच्या मुलीने त्यांना कापेल गावातल्या वृद्धाश्रमात नेलं, आणि तिथे दोन महिन्यांत ते गेले.

घर रिकामं करायला आली तेव्हा ती मला म्हणाली, "शेवटी शेवटी बाबांनी ती गोष्ट सांगणंच सोडलं. मी मागे लागले तर म्हणायचे, तसं काही नव्हतंच. काय झालं होतं, तुम्हाला माहीत आहे?"

मी नाही म्हणाले, आणि तिच्या हातातलं खोकं घेऊन गाडीपर्यंत गेले.