नदीत उतरायला जागा

माझी होडी लहान आहे. फायबरची, दोन माणसं जेमतेम बसतील एवढी. खाडीवरच्या एका माणसाकडून जुनी घेतली आणि डागडुजी करून मीच हिरवी रंगवली. खाडीत मासे मारणारे पुष्कळ आहेत. मला गोड्या पाण्यात गरी टाकून बसायची आवड. खेडात पंपांच्या मोटारी दुरुस्त करायचं माझं दुकान आहे. आयुष्य जगबुडी नदीच्या काठावर गेलं, पण होडी घेतल्यावर कळलं, की नदी चारी बाजूंनी दिसते, तिच्यात उतरायला मात्र जागा नाही.

गावातल्या घाटावर पुराने गाळ आणून टाकला होता. होडी ओढताना मी गुडघ्यापर्यंत रुतलो आणि धुणं धुणाऱ्या बायकांनी हसू दाबलं. मग वरच्या अंगाला शोध सुरू केला. दिवाळीपासून दुकान बंद असेल त्या दिवशी दुचाकी काढायची आणि नदीकडे जाणारी दिसेल ती वाट धरायची. एखादी वाट कुणाच्या तारेच्या कुंपणाशी संपायची, एखादी करवंदीच्या जाळीत. एके ठिकाणी चांगला डांबरी रस्ता मिळाला, तर तो पाणीयोजनेच्या विहिरीपाशी गेला आणि पुढे कुलूपबंद फाटक. एक जुना बैलगाडीचा उतार सापडला. तिथे पाणी घोट्याएवढं. होडी अंगणात पालथी पडून राहिली. तिच्यावर बायको पापड वाळवायला लागली.

शिमग्याला माझा मेहुणा मुंबईहून कायमचा परत आला. तिथली कंपनी बंद झाली होती. नदीच्या वरच्या अंगाला त्यांचं गाव आहे, तिथे वडिलांच्या घरात तो राहायला लागला. पंधरवडाही झाला नसेल, एका रविवारी तो आमच्याकडे जेवायला आला तो हातात खडस मासा घेऊन. चांगला हातभर लांब.

मी विचारलं, कुठे मिळाला. तो सहज म्हणाला, "आमच्या गावाशी नदीत एक खोल कोंड आहे भावोजी, पाखाडीने खाली उतरता येतं. रबराची होडी आणलीय मी, हवा भरायची आणि सोडायची."

बायको मासा साफ करत होती. ती भावाकडे बघून म्हणाली, "आणि हे दिवाळीपासून शोधतायत."

एवढंच म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं, पण माझं जेवणात लक्ष लागेना. कालवण झकास झालं होतं, मी दोनदा भात घेतला, आणि प्रत्येक घासाला मला वाटत होतं की हा मासा माझा होता. वीस वर्षं जो माणूस गावाला फक्त गणपतीत आणि शिमग्यात दिसला, त्याला नदीने बोलावून घेतलं आणि मला दाराबाहेरच ठेवलं. तो निघताना म्हणाला, पुढच्या रविवारी चला, दाखवतो. मी बघू म्हणालो. त्याने बोट धरून मला नदी दाखवावी, हे मला नको होतं.

दुसऱ्याच दिवशी सकाळी दुकान न उघडता मी त्याच्या गावाकडे गेलो आणि पाखाडी विचारत पोचलो. पाखाडी, म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची ती वाट, एका काजूच्या बागेतून खाली जात होती. बागेच्या तोंडाशी घर, अंगणात एक म्हातारी काजूच्या बिया वाळत घालत होती. मी नदीवर जाऊ का असं विचारलं.

ती म्हणाली, "कुनाकडचा तू?"

मी माझं आडनाव सांगितलं, दुकान सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं. तिला काही ओळख पटेना. बागेतून कुणाला सोडत नाही, बिया चोरीला जातात, असं सांगून ती पुन्हा कामाला लागली. मी म्हटलं, मुंबईहून आलेला तो माणूस येतो ना इथे. तेव्हा तिचा चेहरा उजळला. तिचा मुलगा आणि माझा मेहुणा मुंबईत गाववाल्यांच्या एकाच खोलीत राहिले होते. मुलगा आजारी पडला तेव्हा यानेच त्याला डबा नेऊन दिला होता. म्हणजे जागा शोधण्यात त्याची काही हुशारी नव्हती. त्याला शोधावीच लागली नव्हती. त्याने ती मुंबईत राहून मिळवली होती आणि मी इथे राहून घालवली होती. हे कळून बरं वाटायला हवं होतं. उलट पोटात जास्तच दुखलं.

शेवटी म्हणालो, "मी त्याचा भावोजी."

"मंग तसा सांग की," ती म्हणाली. "जा, सावकाश उतर. पलीकडं मगर असते, पान्यात पाय सोडू नको."

खाली गेलो. सपाट कातळ हळूहळू पाण्यात उतरत गेला होता, होडी अलगद ढकलावी असा. कोंडीतलं पाणी हिरवंगार, खोल. मी मनात धरली होती अगदी तशीच जागा. मी कातळावर बराच वेळ बसलो. पलीकडे वाळूत मगर पडली होती, ती हललीसुद्धा नाही.

रविवारी आम्ही दोघे गेलो. माझी होडी खांद्यांवर घेऊन पाखाडी उतरताना जड बाजू त्यानेच घेतली. तो त्याच्या होडीत, मी माझ्या. त्या दिवशी मला दोन शिंगट्या मिळाल्या, त्याला काहीच नाही. तो मनापासून खूश झाला, माझ्या माशांचा फोटो काढून बहिणीला पाठवला. मी त्याच्या जागी असतो तर तसं केलं नसतं, हे मला तेव्हाच ठाऊक होतं. त्याच्या या चांगुलपणाचाही मला हेवा वाटला.

आता त्याला लोट्याच्या एमआयडीसीत नोकरी लागलीय, त्यामुळे सुट्टीशिवाय येत नाही. म्हातारीने होडी गोठ्यात ठेवायला परवानगी दिलीय. मी अधूनमधून एकटा जातो, कोंड सगळी माझी असते. वर येताना ती चहा देते आणि दर वेळी विचारते, तो कधी येणार. मी सांगतो, येईल रविवारी. मग ती त्याच्यासाठी काजूगर बांधून देते, आणि मी ते त्याला नेऊन पोचवतो.