पाठमोरा

गडावर राणीची समाधी आहे. तिच्यापुढे थोड्या अंतरावर तिच्या अंगरक्षकाची दगडी मूर्ती उभी आहे, पण राणीकडे पाठ करून. मला वाटलं, बसवणाऱ्याची चूक झाली असावी.

दिवा लावायला आलेल्या गुरवीणबाई म्हणाल्या, "चूक न्हाई, ताई. राखणाऱ्यानं राणीकडं बघायचं नसतंय, गडाच्या दरवाजाकडं बघायचं. बेलभंडारा उचलून तशी आण घेतली हुती त्यानं."

"जीव होता म्हणतात तिच्यावर?"

"दोघांचाबी, एकमेकांवर."

मग जन्मभर त्यानं तिला कशानं ओळखलं असेल? पैंजणांनी, की वाऱ्यावर आलेल्या गजऱ्याच्या वासानं? जिच्यावर जीव जडला तिच्याकडेच पाठ, आणि सगळी नजर खर्चायची ती कुणी येऊ नये अशा वाटेवर. राखणीचं दुःख हेच असावं.

सूर्य कलला. समाधीची सावली लांबत त्याच्या पाठीवर चढली आणि खांद्यावरून त्याच्या पुढ्यात उतरली.

"आता बोलू नका जरा," बाई हळूच म्हणाल्या.

आम्ही दोघी दोन पावलं मागे सरलो. मग ऊन गेलं, आणि त्याच्यासमोर पुन्हा नुसता दरवाजा उरला.