पारावरचं भाषण आणि घरातली कडी

रहिमतपूरकर मित्रांनो, ग्रहण आलं की आपल्या गरोदर लेकीसुना अंधाऱ्या खोलीत उपाशी कोंडल्या जातात. याची चीड तुम्हाला आहे, तशी मलाही आहे.

आज सकाळी ग्रहण चालू असताना मी पारावर फौजेतून परतलेल्या महादूला बोलतं केलं. लढाईत त्यानं विमानातून खग्रास सूर्यग्रहण पाहिलं होतं.

"ढगांवरनं काळी सावली पळत आली, गड्या. भर दिवसा चांदण्या. कुनाला काय बी झालं न्हाई."

मग मी रूढींवर तुटून पडलो. टाळ्या पडल्या.

महादूनं विचारलं, "आन् वैनी का आल्या न्हाईत रं?"

माझी गरोदर बायको घरी होती. आईच्या धाकानं तिच्या खोलीला कडी मीच घातली होती.

धावत जाऊन काढली. ती म्हणाली, "सुटलं का गिराण? पानी पिऊ आता?"

मी पाण्याचा तांब्या भरून तिच्या हाती दिला.

पुढच्या ग्रहणाला माझ्या भाषणाला येण्याआधी आपापल्या घरची कडी काढा.