एकोणीस टॉवेल आणि एक स्वेटर

‘आण्णांनी जर्मनीला येताना बॅगेत सतरा टॉवेल भरले होते आणि स्वेटर एकही नव्हता. तेव्हाच आमच्या लक्षात आलं की आता त्यांना एकटं राहू देणं बरोबर नाही.’

हे वाक्य माझ्या मुलाचे, विक्रमचे. गेल्या आठवड्यात त्याने ते आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिले. माझा पुतण्या महादेव याने कसबा बावड्याहून विचारले होते की आण्णा परत कधी येणार आणि घर किती दिवस बंद ठेवायचे. त्याला हे उत्तर. त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली आणि त्या हशातच ठरून गेले की घरात भाडेकरू ठेवावा, येत्या रविवारी महादेवने किल्ली त्याच्या हाती द्यावी आणि मी कायमचा इथे राहावे. मला कोणी विचारले नाही. माणूस विसरभोळा झाला असे एकदा घरच्यांनी ठरवले, की त्याचे मत घेण्याचे कारण उरत नाही.

म्हणून हे लिहीत आहे, आणि रविवारच्या आत लिहीत आहे. बावड्यात मागे राहिलेल्यांनी वाचावे. माझ्यासारखे जे म्हातारपणी मुलांच्या मागे परमुलखात जाऊन बसले, त्यांनीही वाचावे.

पहिली दुरुस्ती. टॉवेल सतरा नव्हते, एकोणीस होते. ज्यांना टॉवेल नीट मोजता आले नाहीत, ते माझी स्मरणशक्ती तपासत आहेत.

आता टॉवेल आले कोठून ते सांगतो, कारण जर्मनीत वाढणाऱ्या माझ्या नातवंडांना ते ठाऊक नाही आणि त्यांच्या बापाला ठाऊक असून तो सांगत नाही. मी निघालो त्या श्रावणात आठ दिवस माझ्या दारात माणसे येत होती. आमच्याकडे माणूस दूर जायला निघाला की त्याला रिकाम्या हाताने निरोप देत नाहीत. टॉवेल, टोपी आणि नारळ. नारळ मी घरात ठेवून घेतले. टॉवेल-टोपी मात्र ज्याने दिली त्याच्या देखत घ्यावी लागते, आणि घेतलेली मागे ठेवून जाणे म्हणजे त्या घराला नाकारणे. राधानगरीकडच्या गावाहून माझी धाकटी बहीण, जिला सारे आक्का म्हणतात, आली. तिने टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला आणि बजावले, “ह्यो हितं ट्रंकेत टाकून जाशील तर याद राख. तिकडं आंग पुसायला न्हाई लागलं तरी चालंल, पर संगं ने.”

विक्रम मला न्यायला पंधरा दिवसांच्या रजेवर आला होता. तो कपाळाला हात लावून म्हणाला, “आण्णा, तेवीस किलोच चालतात. तिथं टॉवेल मिळत नाहीत का?”

“मिळत असतील की,” आक्का म्हणाली, “पर आमच्या हातचं मिळत न्हाईत.”

यातली वाट माझ्याजवळ होती. मी चौतीस वर्षे महाद्वार रोडवरच्या एका कापडाच्या पेढीवर गादीवर बसून साड्या दाखवल्या. दाखवणे सोपे असते. दिवसातून दोनशे वेळा मोडलेली घडी मूळच्या रेघेवर परत बसवणे हे खरे काम. जी वस्तू नाकारता येत नाही तिला कामाला लावावे, हे मी तिथेच शिकलो. टॉवेल न्यायचेच आहेत, तर ते कपड्यांच्या रक्षणाला न्यायचे, असे मी ठरवले.

प्रथम मी एकोणीसही टॉवेल दोनदा धुतले. यावर सारी गल्ली हसली. महादेवची बायको म्हणाली, “आण्णा, नवीन टावेल कोण धुतंय व्हय?” मी धुतो. कोऱ्या कापडात खळ असते आणि खळीच्या वासावर कसर येते. रेशमाला कोरा टॉवेल गुंडाळणे म्हणजे किडीला जेवायला बोलावणे. खळ गेलेले, उन्हात कडक वाळलेले सुती कापड ओलावा शोषते आणि रेशमाला घासत नाही. श्रावणात ऊन मिळेना, म्हणून मी चार दिवस दोरीखाली खुर्ची टाकून बसलो आणि उघडीप पडली की टॉवेल बाहेर, शिंतोडा आला की आत, असे केले. हेच पुढे ‘आण्णा दिवसभर दोरीकडे बघत बसायचे’ असे सांगितले गेले. बघत बसायचो, हे खरे. कशासाठी, ते कोणी विचारले नाही.

मग बॅग भरली. ती उभी केली की चाकांची बाजू खाली येते, म्हणून जड वस्तू तिकडे: वहाणा, पूजेची लहान पितळी भांडी, प्रत्येक नग वेगळ्या टॉवेलात. कोट उलटा करून खांद्यात खांदा घालून घडी केला आणि जिथे तो दुमडतो तिथे टॉवेलाची गुंडाळी ठेवली, म्हणजे चुणी धारदार पडत नाही. माझ्या पत्नीची दोन इरकली लुगडी नातीसाठी न्यायची होती. त्यांची जुनी घडी मी मोडली, रेघ चार बोटे सरकवली, कारण रेशीम वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिले की त्या रेघेवर फाटते. मग ती दोन टॉवेलांच्या मध्ये घालून वर वेखंडाची पुरचुंडी ठेवली. डांबरगोळ्या नाहीत. त्यांच्याने जरीचे काठ काळे पडतात असा माझा पेढीवरचा अनुभव आहे. टोप्यांचेही हसे झाले आहे, म्हणून तेही सांगतो. टोपी शर्टाच्या कॉलरमध्ये गोल बसवली की कॉलर चेपत नाही. अकरा शर्ट, अकरा टोप्या; बाकीच्या घरांनी नुसता टॉवेल दिला होता.

वजनासाठी बॅग महादेवच्या पेंडीच्या दुकानात नेली. तो मोठ्याने म्हणाला, “आण्णा, कारखान्याच्या काट्यावर घालूया की, उसाच्या ट्रकसंगट!” सगळे हसले. काट्यावर बावीस किलो आठशे भरले.

निघण्याच्या सकाळी दारात गाडी लागली. विक्रमने बॅग डिकीत आडवी फेकली आणि मी ती उतरवून पुन्हा सरळ ठेवली. इतक्यावरून आमची बाचाबाची झाली. तो म्हणाला, “आण्णा, बॅग आहे, बाळ नाही.” मी म्हणालो, “बाळही तू असंच टाकलं असतंस.” आक्का म्हणते की यानंतर मी रडलो, आणि हे ती अजूनही फोनवर सर्वांना ऐकवते. “तू रडलास की रं आण्णा, मी बघितलंय.” डोळ्यांत पाणी आले हे मी नाकारीत नाही. रडणे हा शब्द मला मान्य नाही. गाडी कागलच्या उलट दिशेला, पुण्याकडे वळली. आयुष्यभर मी हमरस्त्याला त्या तोंडाने गेलो तो परत येण्यासाठी. त्या दिवशी खिशात परतीचे तिकीट असूनही तसे आश्वासन नव्हते, एवढेच ते पाणी.

आता जर्मनीतल्या पहिल्या संध्याकाळचे. विक्रम आल्या आल्या झोपला. मी हातपाय धूत होतो, तेवढ्यात सूनबाईने माझ्या मदतीसाठी म्हणून बॅग उघडली. तिच्या मनात वाईट नव्हते. तसे मी कुठेही म्हटलेले नाही. पण तिने टॉवेल झटकून काढले. चार दिवसांची रचना दोन मिनिटांत गालिच्यावर आली. टोप्या कॉलरांतून उपसून एकावर एक रचल्या. नातवंडांनी त्या डोक्यावर चढवल्या, फोटो निघाले, कोणीतरी मोजणी केली आणि सतरावर थांबले. मग तिने विचारले, “आण्णा, स्वेटर नाही आणला?”

मी म्हणालो, “नाही.”

ते खरे होते. माझा तेवढा एक शब्द धरून चौदा महिने माझ्यावर खटला चालू आहे.

कोणी हे पाहिले नाही की लुगड्यांवर एक डाग नव्हता, पितळेला पोचा नव्हता, शर्ट जसे होते तसे खुंटीला लावता येत होते. त्याच प्रवासात विक्रमच्या बॅगेत शॅम्पूची बाटली फुटली आणि त्याचे चार टी-शर्ट फेसाळले. त्याला कोणी डॉक्टरकडे नेले नाही.

मला नेले. डॉक्टर सज्जन होते. त्यांनी कागद दिला आणि त्यावर घड्याळाचे चित्र काढून त्यात अमुक वेळ दाखवा असे विक्रममार्फत सांगितले. मी विचारले, “इथली वेळ दाखवू की कोल्हापूरची?” माझ्या मनगटावरचे घड्याळ तेव्हा कोल्हापूरच्या वेळेवर होते, आजही आहे. विक्रमने हा प्रश्न डॉक्टरांना सांगितलाच नाही. तो मला हळूच म्हणाला, “आण्णा, सरळ काढा ना.” मी सरळ काढले. डॉक्टरांनी मान डोलावली, हात मिळवला आणि वयाच्या मानाने उत्तम असे सांगितले. घरी आल्यावर सूनबाईला त्यातले एवढेच कळले की आण्णांना वेळेचा गोंधळ होतो.

तेव्हापासून मी देखरेखीखाली आहे. बेकरीत गेलो तर फोन येतो. टॉवेल तळघरात गेले. इथे तळघराला केलर म्हणतात आणि नको असलेल्या, पण टाकवत नसलेल्या साऱ्या वस्तू तिथे जातात. सहा महिन्यांचे परतीचे तिकीट मला न विचारता रद्द झाले. विक्रम म्हणतो, “तिथं गॅस चालू राहिला तर?” पत्नी गेल्यावर तीन वर्षे मी बावड्याच्या घरात एकटा राहिलो. गॅस एकदाही चालू राहिला नाही. चालू राहिला असता तर आक्काने तेही साऱ्यांना सांगितले असते.

माझे मागणे काय आहे ते स्पष्ट लिहितो, म्हणजे त्याचाही वेगळा पाठ तयार होणार नाही. इथे माझा छळ होत नाही. घर उबदार आहे, नात माझ्याकडून बाराखडी गिरवते, ट्रॅममध्ये लोक उठून जागा देतात. मला बेकरीतल्या बाईशी चार वाक्ये बोलता येतात आणि ती मला नावाने हाक मारते. मी हे घर नाकारीत नाही. पण लुगड्याचे जे, तेच माणसाचे. एका घडीत कायमचे ठेवाल तर त्याच रेघेवर फाटेल. अधूनमधून उलगडावे, वारा द्यावा, रेघ सरकवून पुन्हा घडी घालावी. सहा महिने इथे, सहा महिने बावड्यात. विमानाने मी एकटा जाईन, एकटा येईन आणि बॅग माझी मी भरीन. पूर्वी मला वाटे, घर म्हणजे जिथे आपली किल्ली असते. आता वाटते की घर म्हणजे जिथे आपण काय केले याची हकीकत आपल्याला विचारली जाते. या व्याख्येने सध्या माझे घर कुठेच नाही. तिथे किल्ली जाते आहे आणि इथे कोणी विचारत नाही.

म्हणून महादेव, रविवारी किल्ली कोणालाही द्यायची नाही. घर माझे आहे.

राहता राहिला स्वेटर. स्वेटर होता. तिबेटी लोक थंडीत कोल्हापुरात दुकाने लावतात, त्यांच्याकडून घेतलेला, मरून रंगाचा, पुढे बटणांचा. सर्वांत शेवटी घातला होता, सर्वांत वर, मुक्कामाला पोचताच हाती यावा म्हणून. निघण्याच्या सकाळी बॅगेचे कुलूप काढून तो मी स्वतः बाहेर घेतला. विमानातून उतरताना तो सीटवर राहिला, आणि हे माझ्या ध्यानात आले तेव्हा आम्ही सामानाच्या पट्ट्याजवळ उभे होतो. मी काही बोललो नाही. त्या संध्याकाळी सूनबाईने विचारले तेव्हाही एका शब्दापलीकडे बोललो नाही, आणि नंतर चौदा महिने नाही. दिलेल्या वस्तूची आठवण करून देणे आमच्यात हलके समजतात. आजही दिली नसती. पण प्रश्न आता स्वेटरचा राहिलेला नाही.

टॉवेल देऊन आक्का गावी परतली होती; निघण्याच्या आदल्या दिवशी विक्रम तिला पुन्हा आणायला राधानगरीकडे मोटारसायकलवर गेला होता आणि दोघे चिंब भिजून आले. आक्का सत्तरीची, तिला काही झाले नाही. विक्रमला सकाळी हुडहुडी भरली. तो जर्मनीहून येताना नुसते टी-शर्ट घेऊन आला होता.

ज्याला अजून शंका असेल त्याने ग्रुप मागे सरकवावा आणि महादेवने आमच्या दारात गाडीशेजारी काढलेला निरोपाचा फोटो उघडावा. त्याखाली तुम्हा सर्वांचे जोडलेले हात आहेत. मधोमध मी उभा आहे, सदऱ्यावर, खांद्यावर आक्काचा टॉवेल. माझ्या उजव्या बाजूला विक्रम आहे. गळ्यापर्यंत बटणे लावलेला, मनगटाच्या वर चार बोटे आखूड पडलेला तो मरून स्वेटर त्याच्या अंगात आहे.