बाकी दोनशे पंधरा

बाबांची नजर गेली, त्याला आता चार वर्षं झाली. नया बाजारातल्या एका हिंदी शाळेत त्यांनी जन्मभर गणित शिकवलं. निवृत्तीनंतर वाचायला जमवलेली पुस्तकं तशीच राहिली. म्हणून मी आमच्या कंपनीत बनणारा वीतभर कॉम्प्युटर घरी आणला. तो पुस्तकं मोठ्याने वाचून दाखवायचा. बाबा त्याचा वेग इतका वाढवून ठेवत की मला ते तेलात मोहरी तडतडल्यासारखं ऐकू येई. त्यांना मात्र शब्द न् शब्द कळे. कुणाला हाक न मारता वाचता यावं, एवढीच त्यांची मागणी होती.

गेल्या हिवाळ्यात मी त्यात नवा, माणसासारखा आवाज घातला आणि यंत्र अडखळू लागलं. अर्ध्या शब्दावर थांबायचं, मग पुढचे दोन गिळायचं.

"प्रत्येक वाक्य मलाच पुरं करावं लागतं," बाबा म्हणाले. "हे मला वाचून दाखवतंय की मी त्याला?"

"अहो, मी वाचते ना," आई म्हणाली.

"तू मधेच मतं देतेस."

त्यांनी यंत्र बंद केलं. आठवडाभर ते खुर्चीत नुसते बसून होते.

मी दोष त्या आवाजाच्या प्रोग्रामला दिला. सिटी सेंटरमधल्या ऑफिसात माझ्या कार्डावर 'परफॉर्मन्स आर्किटेक्ट' असं छापलंय. अशा माणसाला दोष दुसऱ्याच्या कामात आधी दिसतो. रविवारी सकाळी मोजून पाहिलं, तर प्रोसेसर चौदाशे मेगाहर्ट्‌झच्या वर जातच नव्हता. दोन हजारांपर्यंत पळण्याची त्याची ताकद होती. काम वाढलं की वेग वाढवायचा, कमी झालं की उतरवायचा, हे ठरवणारा कोड माझाच होता. मी तोंडातल्या तोंडात आकडे पुटपुटत होतो.

"मोठ्याने बोल," बाबा म्हणाले.

"कामाची पातळी शून्य ते दोनशे पंचावन्न. दोन हजारांना दोनशे पंचावन्ननं भागायचं, मग आत्ताच्या पातळीनं गुणायचं."

"सात," ते लगेच म्हणाले. "बाकी दोनशे पंधरा. वो कहाँ गई?"

"गेली. इथे अपूर्णांक ठेवत नाहीत, बाकी टाकून देतात."

"मग पूर्ण जोर लावला तरी सात गुणिले दोनशे पंचावन्न. सतराशे पंच्याऐंशी."

या प्रोसेसरला तीनच वेग होते: आठशे, चौदाशे, दोन हजार. आलेल्या उत्तरात बसेल तो सर्वांत मोठा वेग माझा कोड निवडत होता. सतराशे पंच्याऐंशीत बसतो चौदाशे. जुन्या आवाजाला तेवढा पुरत होता, नव्याला नाही.

"आधी गुणलं का नाहीस?"

"आकडा फार मोठा होऊन त्याच्या ठरलेल्या जागेत मावला नाही तर, म्हणून."

"मावतो का ते पाहिलंस?"

नव्हतं पाहिलं. मावत होता, भरपूर जागा ठेवून. आमच्या धंद्यात ही भीती पहिल्या नोकरीत शिकवतात आणि नंतर कुणी ती तपासत नाही. माझी ती ओळ तीन वरिष्ठांनी वाचली होती. एकाने समासात 'सुरेख' असंही लिहिलं होतं.

मी गुणाकार आधी घेतला, भागाकार नंतर. दोन चिन्हांची जागा बदलली, बस. यंत्र परत चालू केलं, बाबांचं पुस्तक उघडलं.

आवाज सुटला तो सलग. पडद्यावर मला वेगाचा आकडा दिसत होता. जोडाक्षरांचं दाट वाक्य आलं की दोन हजार, परिच्छेद संपला की आठशे, डोळ्याची पापणी लवायच्या आत पुन्हा वर. तुकडाभर सिलिकॉन वाक्यागणिक दम घेत होतं आणि परत धावत होतं. इतकी वर्षं मी या कामाचा पगार घेतला, पण ते असं होताना कधी पाहिलं नव्हतं. आणि समोर, पडदा न पाहता, वर्गातल्या पोराचं तपासावं तसं माझं गणित तपासून त्यातली चूक काढणारा माणूस डोळे मिटून ऐकत होता.

"बाबा, तुम्ही हे कसं..."

त्यांनी तळहात वर केला.

"नंतर. प्रकरण संपू दे."