कोरायचं की छापायचं: जावेशी न मिटलेलं भांडण

फोन आला तेव्हा मी हट्टा गावी होते, भाचीच्या लेकराच्या बारशाला. पाळणा सजवून झाला होता, बाया घुगऱ्या वाटत होत्या, आणि त्या कलकलाटात माझे धाकटे दीर भास्करभाऊजी फोनवर म्हणाले, "वैनी, कांता बोलून न्हाई राहिली." कांता त्यांची बायको, माझी धाकटी जाऊ. ती रुसली की दोन-दोन दिवस तोंडात मिठाची गुळणी धरून बसायची, त्यामुळे मी म्हटलं, "मंग मला काहून सांगून राहिले? तुमी काढा तिची समजूत." पलीकडून रडण्याचा आवाज आला, तेव्हा मला कळलं. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. लोक म्हणतात, राग सोड, गेलेल्या माणसावर कशाला राग धरायचा. मी धरणार. मला तिचा राग आहे, आणि इथं लिहिल्याशिवाय तो काही जायचा नाही.

त्याआधी आठवडाभर, मी हट्ट्याला असताना, तिच्या छातीत जळजळत होतं, हे मला मागून कळलं. शाळांच्या गॅदरिंगचा हंगाम, आमच्या ट्रॉफ्यांच्या दुकानात कामाचा ढीग, आणि ही बया खायचा सोडा पाण्यात घालून पिते, डाव्या हाताला बाम चोळते आणि विचारलं की म्हणते, "पित्त झालंय." आमच्याकडच्या बाईला पित्ताशिवाय दुसरं दुखणंच माहीत नसतं. डोकं दुखलं पित्त, चक्कर आली पित्त, जीव चालला तरी पित्त! पुरुषाच्या बोटाला काटा टोचला तर जीप करून हिंगोलीला नेतात; बाईनं स्वतःहून सोडा प्यायला की सगळ्यांना बरंच वाटतं. मग ती गेली, आणि भेटायला येणारी एकेक जण पदर तोंडाला लावून म्हणायची, "नशीब बाई, नशीब." नशीब कसलं डोंबलाचं! मी एकीला तोंडावर विचारलं, तुझ्या नवऱ्याच्या छातीत जळजळलं असतं तर तू नशिबाची वाट बघत बसली असतीस का? ती तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. न का बोलेना.

तेरवी झाली आणि तिसऱ्या की चौथ्या दिवशी दुकानात एक कार्यकर्ता आला. पांढरे कपडे, गॉगल डोक्यावर. इकडच्या एका साहेबांच्या वाढदिवसाला 'कर्तबगार महिला' असे पुरस्कार द्यायचे होते आणि त्यात एक मरणोत्तर, आमच्या कांताला. "आणि मोमेंटो तुमच्याच दुकानात करायचा वैनी, घरचंच काम," तो हसत म्हणाला. म्हणजे माझ्या मेलेल्या जावेचं सन्मानचिन्ह मीच करायचं, आणि भावही जरा बघायचा! त्यानं मोबाइलमध्ये नमुना दाखवला. अर्ध्याहून जास्त जागेत हात जोडलेले साहेब, वर त्यांच्या पक्षातल्या मोठ्यांचे गोल गोल फोटो, आणि खाली पाय ठेवायला उरते तेवढ्या जागेत, 'श्री. भास्करराव यांच्या धर्मपत्नी कै. सौ. कांताबाई'. मी त्याला हाकलूनच देणार होते. पण भास्करभाऊजी मागून म्हणाले, "करून टाका वैनी. मोठ्या लोकांशी वाकडं कशाला?" त्यांच्या तोंडाकडं पाहून मी ऑर्डर लिहून घेतली. तिला गावासमोर कुणीतरी चांगलं म्हणणार, एवढंच त्यांना हवं होतं. पाटी तर करायची ठरली. पण पाटीवर काय राहणार आणि ती कशी करायची, कोरून की छापून, हे कुणी ठरवलं नव्हतं. आणि याच एका गोष्टीवरून आम्ही दोघी सगळी वर्षं भांडलो होतो.

औंढ्यात देवळाकडं जाणाऱ्या रस्त्याला आमचं दुकान. ट्रॉफी, शिल्ड, मेडल, मोमेंटो. सुरुवातीला आम्ही नांदेडहून तयार माल आणायचो आणि वर नावाचं स्टिकर चिकटवायचो. एका पोराला धावण्यात पहिला आला म्हणून कप मिळाला. घरी जाईस्तोवर स्टिकर निघालं आणि खालून कुठल्यातरी भजनी मंडळाचं नाव निघालं. बाप कप घेऊन दुकानात आला, म्हणाला, "माझं पोरगं पळालं, गायलं न्हाई." कांता हसून हसून खाली बसली, पण त्याच दिवशी तिनं ठरवलं की आता मशीन आणायचं. आणायचं एकच, कारण दोन आणायची ऐपत नव्हती. तिचं म्हणणं लेझर. लेझरचा किरण लाकूड नाहीतर ॲक्रिलिक जाळत जातो आणि अक्षर आत कोरलं जातं. माझं म्हणणं सब्लिमेशन. खास शाईनं कागदावर चित्र उलटं छापायचं, पाटीवर नाहीतर कपावर ठेवायचं आणि गरम प्रेसमध्ये दाबायचं. दोन-चार मिनिटांत हसरा, रंगीत फोटो तयार.

बघायला आम्ही नांदेडला गेलो, बरोबर भास्करभाऊजी. दुकानदार सगळं त्यांनाच समजावत होता. आम्ही दोघी जणू सामानाच्या पिशव्या. शेवटी कांता म्हणाली, "ओ दादा, मशीन आमी चालवनार. यांना फक्त बैल चालवता येतेत." मग त्यानं आमच्याकडं तोंड केलं. त्यानं कपावर एका गोबऱ्या बाळाचा फोटो छापून दिला, माझा जीव त्यातच अडकला. कांतानं मात्र लाकडावर कोरलेल्या अक्षरांवरून डोळे मिटून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "अक्का, हे हाताला लागतं." मी म्हटलं, हाताला लागून काय करायचं, लोक डोळ्यानं बघतात. येताना एसटीत आमचं जे जुंपलं, ते अर्धी वाट सरली तरी थांबेना. ती म्हणायची, फोटो उन्हात उडतो, पाच वर्षांनी पांढरी पाटी उरते. मी म्हणायची, लेझरला वेळ लागतो, मधेच लाईट गेली की अर्ध्या अक्षरावर मशीन थांबतं आणि अख्खी पाटी चुलीत घालावी लागते. ती म्हणायची, नाव कोरलं की कुणाच्या बापाला पुसता येत नाही. मी म्हणायची, नावं वाचतं कोण? पुढच्या सीटवरचे एक म्हातारे शेवटी वळून म्हणाले, "बायांनो, दोन्ही घ्या, पन गप बसा."

लेझर आलं, अर्थात. तिच्या हट्टापुढं कुणाचं चाललंय! आणि मी म्हणाले होते तसंच झालं. ऐन मार्च महिन्यात लाईट जायची, अर्धवट जळलेल्या पाट्या साठायच्या, आणि ती जळक्या लाकडाच्या वासात बसून मशीनलाच शिव्या द्यायची. पुढं मी माझंही मशीन आणलंच. मग दुकानाचे दोन भाग झाले, डावीकडं ती, उजवीकडं मी, आणि मधे गिऱ्हाईक. "फोटो टाका, छान दिसंल," मी म्हणायची. "नाव कोरा, टिकंल," ती म्हणायची. काही गिऱ्हाइकं घाबरून चहा पिऊन येतो म्हणायची आणि परत यायची नाहीत. खरं सांगायचं तर धंदा माझ्या मशीननं चालला. देवाला येणाऱ्या लोकांना फोटोचे कप हवे असतात, शाळांना रंगीत शिल्ड हवं असतं. हे मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते. ती गेली म्हणून मी माझं म्हणणं बदलणार नाही.

पण तिला जो राग यायचा तो मला आता जास्त कळतो. इकडं एक रीत पडलीय. कार्यकर्ते सत्काराच्या पाट्या सांगायला येतात आणि म्हणतात, साहेबांचा फोटो मोठा टाका, सत्कारमूर्तीच्या नावाची जागा मोकळी सोडा. नावं स्टेजवर ठरतात. कोण येतो, कोण रुसतो, कुणाला आयत्या वेळी खूश करायचं असतं. पाटी एकच, ज्याच्या हातात पडेल त्याची. कांता असलं काम दारातून परत पाठवायची. "नाव न्हाई तर सत्कार कोनाचा? पाटीचा?" असं त्या पांढऱ्या कपड्यांना तोंडावर विचारायची. मी ते काम घ्यायची, त्यावरून पुन्हा भांडण.

एकदा एका तांड्याच्या सरपंच बाईंचा सत्कार होता, शेवंताबाई. ते काम कांतानं हट्टानं स्वतःकडं घेतलं आणि सागवानी फळीवर नाव असं खोल कोरलं की त्यात शाई ओतली तर राहावी. कार्यक्रमाला आम्ही दोघी गेलो. नाव पुकारलं आणि स्टेजवर चढला कोण? शेवंताबाईंचा नवरा! फेटा बांधून, हसत हसत. साहेबांनी पाटी पुढं केली, सूत्रसंचालकानं पाटीवरचं नाव माइकवर मोठ्यांदा वाचलं, आणि मांडवातल्या बाया फिस्सकन हसल्या. नवऱ्याचं तोंड उतरलं. शेवटी बाईंना खालून बोलवावं लागलं, त्या डोक्यावरचा पदर सावरत आल्या आणि पाटी घेऊन गेल्या. कांतानं माझ्याकडं असं पाहिलं की जणू जिल्हाच जिंकला. मी काय सोडते का! मी म्हटलं, "तुझ्या नावानं तो नुसता लाजला. पाटीवर शेवंताबाईचा फोटो असता, तर त्याची पायरी चढायची टाप झाली असती का? बायकोचं तोंड हातात धरून कोन म्हनंल, हा मी?" तेव्हा जन्मात एकदाच ती म्हणाली, "हे मातर बराबर बोलल्या अक्का." मग लगेच, "पन उन्हात उडंल."

तर तिची पाटी. सगळ्यांना वाटत होतं की मी ती तिच्याच मशीनवर कोरणार, डोळ्यांतून पाणी काढत. भास्करभाऊजींनी तर लेझरवरचं कापड काढून धूळही पुसून ठेवली होती. मी ते कापड परत टाकलं. चिडूनच टाकलं. ती जिवंत असताना मी तिचं ऐकलं नाही, मग आता ती नाही म्हणून का ऐकू? आणि दुसरं असं की लेझरला तिचा रंग येत नाही. काळ्या रेघांत चेहरा उतरतो, पण तिच्या नाकातली लाल खड्याची चमकी नाही, हिरवी साडी नाही, उन्हानं रापलेलं ते तांबूस नाक नाही. मी सगळ्यांच्या मोबाइलमध्ये तिचा फोटो शोधला. बाई नेहमी फोटोच्या बाहेर; दुसऱ्यांचे सत्कार करून राहिली, स्वतःचा फोटो कुठं नाहीच. शेवटी भाऊजींकडंच एक सापडला. मशीनजवळ बसलीय, गालाला काजळी लागलीय, डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर सरकवलाय आणि कुणावर तरी, बहुतेक माझ्यावरच, तोंड उघडून ओरडतेय. भाऊजी म्हणाले, "हा नको वैनी, यात ती भांडून राहिली." मी म्हटलं, "म्हनूनच हा."

तो फोटो मी पाटीभर छापला. नमुन्यातले साहेब काढून टाकले, त्यांचे गोल गोल मोठे काढले, जोडलेले हात काढले, धर्मपत्नी काढलं, कैलासवासीसुद्धा काढलं. खाली फक्त 'कांता'. प्रेसचा आवाज झाला, मी कागद सोलला आणि ती माझ्यावर ओरडत वर आली. मग मात्र मला रडू आलं, आणि मी तिला दोन शिव्या घातल्या, मोठ्यांदा, दुकान उघडं असताना. सोडा पीत बसलीस, म्हटलं. बाम लावत बसलीस. मला एक फोन करता आला नाही तुला?

कार्यक्रमात साहेबांनी पाटीवरचा चकाकता कागद काढला आणि क्षणभर पाटी उलटसुलट करून पाहिली, आपण मागं कुठं आहोत का म्हणून. कार्यकर्ता माझ्याजवळ येऊन दातओठ खात म्हणाला, "साहेबांचा फोटो कुठाय?" मी म्हटलं, "सत्कार कोनाचा हाय?" तो पाय आपटत मागं फिरला, आणि त्यानंतर त्यांचं एकही काम आमच्या दुकानात आलं नाही. भास्करभाऊजी स्टेजवर पाटी घेऊन उभे राहिले, छातीशी धरून, तिचं तोंड लोकांकडं. ते स्वतः खाली मान घालून उभे होते.

आता ती पाटी दुकानात आहे, माझ्या बाजूच्या भिंतीला. दुपारनंतर तिथं उन्हाची तिरीप येते. भाऊजी म्हणाले, सावलीत लावा, रंग जाईल. मी हलवली नाही. जाईल ना, जाऊ दे. हिरवी साडी फिकी होईल, चमकी जाईल, आणि कांता म्हणेल, बघा अक्का, मी सांगत होते. म्हण तू. एकदा कोरलं की पुन्हा हात लावायचं कामच नाही, हे तुझं म्हणणं होतं ना? मला तेच नकोय. रंग उडाला की मी पुन्हा छापणार, पुन्हा उडाला की पुन्हा. दर वेळी कागद सोलताना तू माझ्यावर ओरडत वर येशील, आणि मी तुला विचारीन… एक फोन करता आला नाही तुला?